‘मागितल्यास डेटा देऊ’ एवढं लिहून भागेल का? (झिंक ऑक्साइड, रंगांचं विघटन)

सोलापूर_संशोधक:
नमस्कार. डाळिंबाच्या सालीचा अर्क वापरून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण आणि त्यांच्याकडून प्रकाशात मिथिलीन ब्लूचं विघटन, असा पीएच.डी.चा विषय आहे. आपल्याकडच्या टॉवेल-चादरींच्या डाइंगचं सांडपाणी डोळ्यांसमोर ठेवून तो घेतलाय. जर्नलने डेटाचा डीओआय (ऑनलाइन कायमचा ओळख क्रमांक) मागितला आहे. गाइड सर म्हणतात, ‘मागितल्यास देऊ’ लिहा, आधी पेटंटचं बघू. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचनेची तपासणी) बाहेरून करून घेतलं, त्यांनी फक्त पीडीएफ पाठवली. नेमकं काय आणि कुठे ठेवायचं? आणि एपीसी (लेख खुला ठेवण्यासाठी लेखकाकडून घेतलं जाणारं शुल्क) न भरता लेख सगळ्यांना खुला करता येईल का?

स्फटिक:
आधी त्या सेंटरला मेल करून मूळ फाइल मागा. मशीनप्रमाणे ती .raw, .brml किंवा .xrdml असते. सोबत दोन रकान्यांची साधी .xy फाइलही घ्या: 2θ आणि तीव्रता. पीडीएफमधल्या आलेखावरून शिखराची रुंदी नीट मोजता येत नाही, म्हणजे तुमचा शेररचा आकडा (त्या रुंदीवरून काढलेला स्फटिककणांचा आकार) कुणालाच तपासता येणार नाही. तरंगलांबी (तांब्याची असेल तर 1.5406 Å), स्टेप आणि मशीनची स्वतःची रुंदी वजा केली की नाही, हेही लिहा. एसईएमची (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्राची) मूळ टिफ फाइल ठेवा, क्रॉप केलेली नको.

यूव्हीचा, म्हणजे द्रावणाने किती प्रकाश शोषला याचा, डेटा जास्त महत्त्वाचा. ‘95 टक्के विघटन’ या आकड्यावरून दुसऱ्याला काहीच करता येत नाही. प्रत्येक वेळेचा पूर्ण स्पेक्ट्रम सीएसव्हीमध्ये द्या, नुसता 664 नॅनोमीटरचा (मिथिलीन ब्लूच्या शिखराचा) आकडा नको. द्रावणाचं आकारमान, उत्प्रेरकाचे (झिंक ऑक्साइडचे) मिग्रॅ, सुरुवातीचा पीएच, अंधारात किती मिनिटं ढवळलं, दिव्याचा प्रकार, अंतर आणि नमुन्यावर पडणारी तीव्रता मिलिवॅट प्रति चौ. सेंमी.मध्ये, हे सगळं हवं. लक्स नको, ते माणसाच्या डोळ्याच्या संवेदनशीलतेवर बेतलेलं एकक आहे. उत्प्रेरकाशिवाय नुसता प्रकाश आणि प्रकाशाशिवाय उत्प्रेरक, ही दोन्ही कंट्रोल्स (तुलनेसाठीचे प्रयोग) ठेवाच.

लिटरमागे 10 मिग्रॅ मिथिलीन ब्लूचं शोषण 2 च्या आसपास जातं. तिथे बऱ्याच साध्या मशीनचं वाचन सरळ रेषेत राहत नाही, आणि मग k (विघटनाच्या वेगाचा स्थिरांक) चुकतो. विरलन करून मोजा आणि कॅलिब्रेशनची फाइलही जोडा.

विषयाबद्दल एक सांगायलाच हवं. सुती टॉवेलला रिॲक्टिव्ह आणि व्हॅट रंग चालतात. मिथिलीन ब्लू धनभारित आहे आणि त्या सांडपाण्याचा प्रतिनिधी नाही. शिवाय त्या पाण्यात मीठ आणि सोडा भरपूर असतो, आणि तीव्र अल्कलीत झिंक ऑक्साइड विरघळतं. रिॲक्टिव्ह ब्लॅक 5 सारख्या रंगावर एक संच, मिठासह, केलात तर पेपर आणि डेटा दोन्ही कामाचे ठरतील.

ग्रंथालय_मदत:
डेटा झेनोडो या ऑनलाइन भांडारात ठेवा. सर्न ही युरोपातली संशोधन संस्था ते चालवते, मोफत आहे, एका नोंदीत 50 जीबीपर्यंत बसतं. डीओआय आधी राखून ठेवता येतो, म्हणजे तो हस्तलिखितात टाका आणि नोंद नंतर प्रसिद्ध करा. प्रसिद्ध झाल्यावर फाइल बदलायची तर नवी आवृत्ती काढावी लागते, म्हणून आधी दुसऱ्या कुणाकडून उघडून बघा. परवाना सीसी बाय 4.0 (श्रेय देऊन कुणालाही वापरता येतं) ठेवा. सोबत रीडमी हवी: रकान्यांची नावं, एककं, कोणती फाइल कोणत्या आकृतीची.

सीएसव्ही यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करा, नाहीतर λ आणि ° बिघडतात. कॅस नंबरचा (रसायनाच्या ओळख क्रमांकाचा) रकाना एक्सेलमध्ये आधीच ‘टेक्स्ट’ करा. पॅलेडियमचा 7440-05-3 एक्सेलला तारीख वाटतो.

सरांची पेटंटची काळजी रास्त आहे. आधी प्रसिद्ध झालं की नावीन्य जातं. प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज आधी टाका, पूर्ण तपशीलासाठी त्यानंतर 12 महिने मिळतात. तोवर झेनोडोवर फाइलींना एम्बार्गो (ठरावीक तारखेपर्यंत बंद) लावता येतो, पण नोंदीचं वर्णन सगळ्यांना दिसतं. तिथे कृती उघड करू नका.

सोलापूर_संशोधक:
खूप आभार. एपीसीचं?

ग्रंथालय_मदत:
वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची जर्नल्सची योजना 2025 पासून सुरू आहे. 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नल्स, तीन वर्षांसाठी 6,000 कोटींची तरतूद. पण ही सोय मुख्यतः वाचण्याची आहे. तुमचा लेख त्यामुळे आपोआप जगाला खुला होत नाही.

स्फटिक:
दोन वाटा आहेत. बाइलस्टाइन जर्नल ऑफ नॅनोटेक्नॉलॉजी लेखकाकडून आणि वाचकाकडून, दोघांकडूनही पैसे घेत नाही. दर्जा कडक आहे, कंट्रोल्सशिवाय पाठवू नका. दुसरी वाट: नेहमीच्या जर्नलमध्ये छापा आणि स्वीकृत हस्तलिखित, म्हणजे प्रकाशकाच्या मांडणीआधीची शेवटची प्रत, रिपॉझिटरीत ठेवा. एसीएस आणि आरएससी (अमेरिकेची आणि ब्रिटनची रसायनशास्त्र संस्था) यांच्या जर्नल्समध्ये त्याला साधारण 12 महिने थांबावं लागतं. केमआर्काइव्ह या रसायनशास्त्राच्या साइटवर प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीची प्रत) मोफत टाकता येतं, पण ज्या जर्नलला पाठवणार त्याचं धोरण आधी वाचा आणि पेटंटचा अर्ज झाल्यावरच टाका.