ईव्हीए तापवताना व्हिनेगरसारखा वास का येतो?

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव)
नमस्कार. आमच्या छोट्या कारखान्यात आजवर एलडीपीईची (पिशव्यांसाठी वापरतात त्या मऊ पॉलिथिनची) नळी निघत असे. गेल्या महिन्यापासून १८ टक्के व्हिनाइल ॲसिटेट असलेल्या ईव्हीएचे (इथिलीन आणि व्हिनाइल ॲसिटेट जोडून केलेल्या प्लास्टिकचे) काम घेतले आहे. जेवणाच्या सुट्टीत यंत्र बंद असते, पण हीटर चालूच असतात आणि डायजवळचे (नळीला आकार देणाऱ्या साच्याजवळचे) तापमान २३५ अंशांवर असते. पुन्हा सुरू केले की व्हिनेगरसारखा उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात आणि सुरुवातीच्या नळीत मोहरीएवढ्या पिवळसर गाठी दिसतात. डायच्या तोंडाशी गंजही धरू लागला आहे. माल देणारे म्हणतात, दाणे ओले होते. हे खरे असेल का?

उत्तर (टिळकवाडी)
दाणे ओले असते तर नळीत बुडबुडे आले असते. हा वास ओलीचा नव्हे, ॲसेटिक आम्लाचा आहे. फार तापल्यावर ईव्हीएच्या रेणूंच्या लांब साखळीवरचे ॲसिटेट गट आम्लरूपाने सुटतात आणि त्यांच्या जागी दुहेरी बंध उरतात. असे बंध ओळीने जमले की रंग पिवळा पडतो आणि साखळ्या एकमेकींत गुंतून न वितळणाऱ्या गाठी होतात. तुमच्या १०० किलो मालातले सगळे ॲसिटेट सुटले, तर सुमारे साडेबारा किलो आम्ल निघेल. म्हणून त्यातला अगदी थोडा अंशही लोखंडाला गंजवायला पुरतो. मुख्य साखळी मात्र ४०० अंशांच्या पुढेच तुटते. २३० अंश ही वरची मर्यादा समजा, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे माल किती वेळ तापत राहतो ते. हा माल ८५-९० अंशांच्या आसपास वितळतो, एलडीपीई ११० च्या जवळपास. तेव्हा जुने तापमान कायम ठेवण्याचे कारणच नाही. १७०-१८० वर चालवून पाहा, थांबण्यापूर्वी बॅरल (माल वितळतो तो यंत्राचा नळकांडा) एलडीपीईने धुऊन काढा आणि वाफ बाहेर जाईल अशी सोय आधी करा, कारण ती कामगारांच्या छातीत जाते.

उत्तर (निपाणी)
आम्ही चपलांचे ईव्हीए फोमचे तळ करतो, म्हणून एक भर घालतो. त्यात पेरॉक्साइड घालून साखळ्या मुद्दाम जोडलेल्या असतात. ती कात्रणे कितीही तापवली तरी वितळत नाहीत, शेवटी करपतात. असा भंगार माल स्वस्त मिळाला तरी तुमच्या हॉपरमध्ये (दाणे ओतायच्या पेटीत) टाकू नका.

प्रश्नकर्ता
सर, काल १७५ वर चालवले आणि सुट्टीआधी एलडीपीईने बॅरल धुतले. वास आला नाही, गाठीही दिसल्या नाहीत. डाय पॉलिशला दिली आहे.