मदत हवी आहे: एएम केनम व्हेनॅटिकोरमचे 525 आणि 514 सेकंदांचे सिग्नल वेगळे कसे करायचे?

मंडळी, एएम केनम व्हेनॅटिकोरम या जोडताऱ्याची फोटोमेट्री (तेजाची मोजणी) करतोय. जोडीतले दोन्ही तारे साधारण 17 मिनिटांत एकमेकांभोवती फेरी मारतात, प्रत (मॅग्निट्यूड, म्हणजे तेजाचं माप) 14 च्या आसपास, त्यामुळे 8 इंची दुर्बिणीतसुद्धा मस्त येतो. कूल्ड सीमॉस कॅमेरा, फिल्टर नाही, 30 सेकंदांची एक्सपोजर.

पिरिओडोग्राममध्ये (कोणत्या पिरियडला किती चढउतार आहे याच्या आलेखात) 525 सेकंदांपाशी शिखर दिसतंय, म्हणजे 1051 सेकंदांच्या सुपरहंपचा (कक्षेपेक्षा किंचित मोठ्या पिरियडच्या चढउताराचा) अर्धा पिरियड, आणि चढउतार जेमतेम एक शतांश मॅग्निट्यूडचा असूनही तो दिसतो याचा खरंच आनंद आहे! माउंटची पिरिऑडिक एरर (गिअरमुळे ठराविक काळाने येणारी चूक) 8 मिनिटांची, म्हणजे 525 सेकंदांच्या जवळची आहे, पण चेक स्टारमध्ये (तपासणीसाठी मोजलेल्या स्थिर ताऱ्यात) असलं काही नाही म्हणून ती शंका सोडली. वेळ जीपीएसवरून, बॅरिसेंट्रिक करेक्शन (पृथ्वीच्या फिरण्याने वेळेत पडणाऱ्या फरकाची दुरुस्ती) केलंय.

आता अडचण. कक्षेचा पिरियड 1028.7 सेकंद, त्याचा अर्धा 514, तो 525 पासून सुटा व्हायला माझ्या हिशोबाने सलग पावणेसात तास हवेत आणि पश्चिमेच्या डोंगरामुळे मला चारच मिळतात. लागोपाठच्या रात्री जोडून पाहिल्या तर दिवसाला एक सायकलच्या अंतरावर एलियासचं (दिवसाच्या खंडांमुळे दिसणाऱ्या खोट्या शिखरांचं) रान उगवतं. तारा निळा, कंपॅरिझन स्टार (तुलनेचा तारा) लालसर, त्यामुळे हवेतून दोघांचा प्रकाश सारखा मंदावत नाही, म्हणून प्रत्येक रात्रीचा उतार आणि सरासरी आधीच काढून टाकतो.

जागा बदलणं किंवा मोठी दुर्बीण घेणं सध्या शक्य नाही. तर 525 चं शिखर प्रीव्हाइटनिंगने (त्या पिरियडची लहर डेटातून वजा करून) काढून उरलेल्या डेटात 514 शोधला तर चालेल का, की दुसऱ्या रेखांशावरच्या कुणाचा तरी त्याच रात्रींचा डेटा जोडल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये?