वजन बदललं की जुने कपडे काढून टाकायचे?

उभाधागा:
सकाळपासून एक सल्ला फिरतोय: "अंगाचं माप बदललं की जुने कपडे सरळ काढून टाका. आल्टर केलेला कपडा कधीच नीट बसत नाही. दोन साईझ मोठे घ्या, बेल्ट लावा, मोकळे व्हा." त्यावर इतक्या जणांनी मान डोलावलेली पाहून गप्प बसवेना.

कपडा ठेवायचा की नाही हे आरशासमोर ठरत नाही, कपडा उलटा केल्यावर ठरतं. आतली माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, मोजा. पॅन्टच्या मागच्या मधल्या शिवणीत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया असेल, तर शिवणीपुरता अर्धा-अर्धा इंच ठेवून बाकीचा इंच-इंच सोडता येतो. कंबर झाली दोन इंच मोठी. शर्टाच्या बाजूच्या दोन शिवणींना मिळून चार कडा असतात. प्रत्येक कडेतून पाव इंच सोडलं तरी घेर एक इंचाने वाढतो.

आणि दोन साईझ मोठ्या शर्टात नुसती छाती वाढत नाही. खांदा, गळा, मुंढा (बाही जोडतात तो घेर), बाहीची लांबी सगळंच वाढतं. अंग पोटावर सुटलं म्हणून खांद्याचं हाड रुंद होतं का? मग खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि माणूस आहे त्याहून जाड दिसतो. शर्ट-कोट खांद्यावर घ्या, पॅन्ट सीटच्या मापाने घ्या, बाकी शिंप्याकडून बसवून घ्या. खांदा कमी करायचा तर बाही उसवून मुंढा नव्याने आखावा लागतो. कंबर आत घेणं त्यामानाने तासाभराचं काम.

टाचणी:
गणित कागदावर ठीक आहे. पण वाढलेलं पोट मागच्या शिवणीत कसं बसणार? पोट पुढे येतं, तुम्ही कापड मागे देताय. पुढचा भाग ताणलेलाच राहतो, बाजूची शिवण पुढे ओढली जाते आणि खिशांची तोंडं उघडी पडतात. शिवाय पोटावरून जायला पुढच्या आसनाची (दोन पायांच्या जोडापासून कमरेपर्यंतच्या भागाची) उंचीही जास्त लागते, आणि कमरेपाशी वर सोडायला माया नसतेच. म्हणून पट्टा पोटाखाली घसरतो. शर्ट-फ्रॉकचंही तेच, पुढची कड वर उचलली जाते. बाजूने कितीही सोडा, ती खाली येत नाही.

सोडलेल्या शिवणीच्या खुणांबद्दल तर तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. जुन्या दुमडीची रेघ राहते, आतलं न विटलेलं कापड गडद पट्ट्यासारखं बाहेर येतं. रेशीम, साटीन, चामडं यांवर सुईची भोकं कायमची. असे कपडे सांभाळत बसायचं?

उभाधागा:
पोटाचा मुद्दा मान्य, आसनाची उंची मागून मिळत नाही. पण त्यावरून "सगळं काढून टाका" कसं निघतं? पुढच्या कडेला दोन इंच दुमड असेल तर ती सोडून खाली आतून पट्टी लावता येते. बाजूला उभी पट्टी घालता येते. दोन इंच रुंदी हवी असेल तर पट्टी तीन इंच कापा, दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच शिवणीत जातो. पट्टी उभ्या धाग्यातच, म्हणजे कापडाच्या लांबीच्या दिशेनेच हवी, तिरकी कापली तर ताणून लोंबते. आणि कापण्याआधी पट्टीचं कापड धुऊन घ्या, नाहीतर जुना कपडा आहे तसा राहतो, पट्टी आटते आणि शिवणीला चुण्या पडतात.

दुमडीच्या रेघेला पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं, त्यात भिजवलेलं फडकं ठेवून इस्त्री. आधी आतल्या बाजूला रंग जातो का ते बघा. सुती कापडावरची भोकं ओलं करून नखाने घासली की बहुतेक बुजतात. रेशमावर बुजत नाहीत, तिथे तुमचं बरोबर.

कापडपेठ:
तुम्ही दोघं मायेवर भांडताय, पण माया आहे कुठे? रेडीमेड शर्ट उलटा करून बघा. ओव्हरलॉक (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मशीनची गुंफण) मारून जेमतेम एक सेंटिमीटर कड. जीन्सला दुमडून दुहेरी शिवण, सोडायला काहीच नाही. पट्टाही अखंड, मागे जोड नाही. कपडा वाढवता येऊ नये अशीच ही रचना आहे. मुळात दोष यांचा आहे आणि दोष दिला जातो ग्राहकाच्या पोटाला!

मार्कर:
कारखान्याची बाजू न बघता लिहिताय म्हणून सांगतो. वळणावर जास्त माया ठेवता येत नाही. मुंढ्याला किंवा गळ्याला इंचभर माया ठेवून उलटवली तर ती ओढते, जागोजागी कात्रे, म्हणजे कात्रीने छोटे छेद, द्यावे लागतात. आणि कात्रे दिले की सोडायला काय उरलं? ओव्हरलॉक मशीनचं पातं शिवतानाच कड कापत जातं, त्यामुळे हजार नग एकाच मापात उतरतात. हे कारस्थान नाही, कामाची पद्धत आहे.

कापडपेठ:
वळणाचं मान्य. पण बाजूच्या सरळ शिवणीला कुठलं वळण आलं? आपणच हिशोब करू. शर्टाच्या चार कडांना दीड-दीड सेंटिमीटर जादा म्हणजे सहा सेंटिमीटर रुंदी, लांबी ७५. झाले ४५० चौरस सेंटिमीटर. एका शर्टाला लागणारं दीडशे सेंटिमीटर पन्ह्याचं १.६ मीटर कापड म्हणजे २४,००० चौरस सेंटिमीटर. दोन टक्केसुद्धा भरत नाही! एवढ्यासाठी कपड्याचं आयुष्य निम्म्यावर आणता?

मार्कर:
एका शर्टाला दोन टक्के. लाख शर्टांना ते कापड किती होतं तेही मोजा. पातळ कापडात जाड माया बाहेरून दिसते, इस्त्रीत तिची कड उमटते. मग "शिवण जाड आहे" म्हणून माल परत पाठवणारी माणसंही तुमच्यासारखीच.

कापडपेठ:
तुमच्यासारखीच म्हणजे? माया आहे म्हणून माल परत करणारा ग्राहक दाखवा मला एक.

शिवणयंत्र:
अहो, पुरे करा दोघंही. शिंप्याकडे जे रोज बिघडतं त्याची गोष्टच राहिली. वाढलेल्या अंगापेक्षा उतरलेल्या अंगाचे कपडे जास्त बिघडतात, कारण आत घेताना जादाचं कापड सरळ कापून टाकतात. सहा महिन्यांनी अंग भरलं की संपलं. कापू नका म्हणून आधीच बजावून सांगा. सरळ शिवणीत इंचभर तरी आत राहू द्या, फक्त मुंढ्याच्या वळणाजवळ थोडे कात्रे द्यावे लागतील.

दुसरं, शर्ट नुसता बाजूने आत घेऊ नका. कमरेत बसतो, पण मुंढा मोठाच राहतो आणि हात वर केला की सगळा शर्ट वर येतो. बाजूची शिवण आणि बाहीची खालची शिवण एकाच ओघात घ्यावी लागते, मनगटापासून बगल आणि बगलेतून खालपर्यंत. त्याने बाही आणि छाती बसते. पण मुंढा मुळातच खोल कापलेला असेल तर तो वर चढवता येत नाही. कापलेलं कापड कोण परत आणणार?

पॅन्ट मागून दोन इंचांपर्यंत आत घ्या. त्यापुढे गेलात तर मागचे खिसे एकमेकांना चिकटायला लागतात आणि आसन बिघडतं. तेव्हा बाजूच्या शिवणी उसवून तिथूनही वाटून घ्यावं लागतं, म्हणजे बाजूचे खिसे आलेच. चार इंचांच्या पुढे नवी पॅन्ट बरी, हे शिंपी असूनही सांगतेय.

टाचणी:
तेच तर म्हणतेय मी पहिल्यापासून! आणि एक सांगा, अंग अजून बदलत असताना शिवायचंच कशाला? बाळंतपणानंतर, आजारपणानंतर, औषधांनी सूज असताना माप सकाळी एक, संध्याकाळी दुसरं. छाती, कंबर, सीट महिन्यातून एकदा एकाच वेळेला मोजा, टेप न आवळता आणि श्वास न रोखता. तीन महिने आकडा हलला नाही तरच कात्री आणि शिलाई. तोवर इलास्टिक, नाडी, कमरेचं बटण सरकवणं. बाकीचे कपडे कपाटातून काढून पेटीत, वर मापाची चिठ्ठी. लेबलवरची साईझ लिहू नका, ती प्रत्येक कंपनीची वेगळी. कपडा सपाट पसरून मोजा, दुप्पट करा आणि तो आकडा लिहा.

उभाधागा:
पेटीत ठेवा म्हणजे काढून टाकू नका. इतका वेळ मी दुसरं काय म्हणत होतो? तीन महिन्यांचं मात्र पटलं. फक्त त्या आकड्यातून सैलपणा वजा करायला विसरू नका. न ताणणाऱ्या कापडाच्या शर्टाला छातीत चारेक इंच मोकळीक लागते, पॅन्टला सीटमध्ये दोन. अंग ३८ आणि कपडाही ३८ असेल तर बटण लागेल, पण बसता येणार नाही.

मार्कर:
बटणांचा विषय निघालाच आहे तर, छातीवर फट पडते तिथे लोक बाजूने सोडतात. आधी बटणाची जागा बघा. छातीच्या सर्वात उंच भागाच्या रेषेत बटण नसेल तर घेर पुरेसा असूनही फट पडते. तिथे आतून एक टिचबटण लावा, उसवायची गरजच नाही.

शिवणयंत्र:
हे बरोबर. पण टिचबटणाखाली आधी कापडाचा छोटा तुकडा द्या, नाहीतर पातळ शर्ट तिथेच फाटतो. आणि आत घेतलेला कोणताही कपडा आधी मोठ्या टाक्यांच्या कच्च्या धावदोऱ्यावर घालून बघा. उभं राहून नाही, खुर्चीत बसून, हात पुढे करून, वाकून. धावदोरा तुटला तर तिथे शिवण जास्त आत गेली आहे. पाव इंच बाहेर घ्या आणि पुन्हा बसा.

कापडपेठ:
मार्कर, लाख शर्टांचा हिशोब केला. दीडशे पन्ह्याचं तीन हजार मीटर कापड. आणि शर्ट लाख. आता बोला.