मदत हवी आहे: ‘अँडोर’नंतर काय बघू?

मंडळी, ‘अँडोर’ या स्टार वॉर्स मालिकेचे दोन्ही सीझन (२०२२ आणि २०२५, मिळून २४ भाग) संपवले आणि आता बाकीचं स्टार वॉर्स घशाखाली उतरेना. लाइटसेबर (प्रकाशाची तलवार) नाही, जेडाय (ती चालवणारे योद्धे) नाही, तरी त्यातला तुरुंग डोक्यातून जात नाही. अनवाणी कैदी, शॉक देणारी फरशी, रोजची स्पर्धा, आणि ते जोडत असलेले सुटे भाग निघतात डेथ स्टारचे, म्हणजे ग्रह उडवणाऱ्या महाशस्त्राचे! (हे मीच फोडलं, माफ करा.) त्यातलं जुलमी साम्राज्य म्हणजे नुसता डार्थ व्हेडरचा काळा मुखवटा नव्हे, बढतीसाठी धडपडणारे अधिकारी आणि त्यांच्या बैठकासुद्धा, हे तिथे पहिल्यांदा पटलं. नंतर ‘रोग वन’ (२०१६), म्हणजे ‘अँडोर’ची गोष्ट जिथे पोचते तो चित्रपट, पुन्हा पाहिला, तर शेवट दुप्पट लागला.

१९७७चा मूळ चित्रपट मला आवडतो, गैरसमज नको. परीकथाच आहे ती, आणि झकास आहे. पण दर वेळी कुणाचं तरी घराणं निघालं की माझा रस संपतो.

तर या विश्वात साध्या माणसांच्या, निर्णयाची किंमत मोजायला लावणाऱ्या गोष्टी अजून कुठे आहेत? कादंबरी, कॉमिक्स, काहीही चालेल. ‘क्लोन वॉर्स’ ही ॲनिमेशन मालिका अख्खी बघावी लागेल की निवडक भाग पुरतील? पुरत असतील तर कुठले?