कोळंबी मोजायची कुठे, दर्यात की धक्क्यावर?

वावभर
काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘ससून डॉकवर उतरणारा माल मोजला की कोळंबीचा साठा कळतो, सर्वेक्षणाच्या बोटी म्हणजे वाया गेलेलं डिझेल.’ यावर गप्प बसवत नाही. धक्क्यावर उतरतं ते बोटी जिथे गेल्या तिथलं. म्हाकुलाचा भाव चढला की ट्रॉलर (तळावरून जाळं ओढणाऱ्या बोटी) खोल पाण्यात वळतात, धक्क्यावर कोळंबी घटते आणि लगेच ‘साठा संपला’ अशी ओरड होते. दर्यात काय आहे ते ठरलेल्या जागी, ठरलेल्या जाळ्याने ओढ घेतल्याशिवाय कळत नाही.

धक्केवाला
ते मीच लिहिलं होतं, आणि अजूनही तेच म्हणतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदरं आणि दिवस नमुना पद्धतीने निवडून अंदाज काढते, टोपल्यांची बेरीज करत नाही. तुमच्या ओढीचा हिशोब बघा. वेग अडीच नॉट, वेळ एक तास, म्हणजे ४.६३ किमी. जाळ्याची वरची दोरी ३० मीटर, त्यातली निम्मी पसरते असं धरलं तर घासलेलं क्षेत्र ०.०६९ चौ. किमी. कोळंबी मिळाली १० किलो, म्हणजे चौरस किलोमीटरला १४४. आता जाळ्यासमोरची अर्धीच कोळंबी आत येते असं धरा, आकडा २८८! दोन्ही वेळा ‘निम्मं’ हे गृहीत धरलेलं. याला मोजणी म्हणायचं?

वावभर
एकूण टनांचा आकडा डळमळीत आहे, हे मान्य. पण जाळं, वेग, खोली, वेळ तीच ठेवली तर यंदाच्या १० किलोची गेल्या वर्षीच्या १० किलोशी तुलना होते. धक्क्यावरच्या ‘फेरीला इतके किलो’ला तीही सोय नाही. फेऱ्या अनेक दिवसांच्या झाल्या, इंजिनं मोठी झाली, जाळं प्रत्यक्ष किती तास तळाला होतं ते वहीत नसतं.

उधाणभांग
‘तीच ठेवली तर’ इथेच सगळं फसतं. घड्याळ जाळं सोडल्यावर नाही, वायर पूर्ण सोडून ब्रेक लागल्यावर सुरू करायचं. वेग पाण्यातला नाही, जीपीएसवरचा जमिनीवरचा धरायचा. उधाणाला प्रवाह जोराचा असला की जाळं तळ सोडून उचलतं, म्हणून तुलनेच्या ओढी भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत घ्या. दहा वाव (सुमारे १८ मीटर) खोलीला वायर कमी सोडली तर ओटर बोर्ड, म्हणजे जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या फळ्या, तळाला नीट बसत नाहीत, जास्त सोडली तर गाळात रुततात. पुष्कळ जातींची कोळंबी दिवसा गाळात दडते, तेव्हा दिवसाची आणि रात्रीची ओढ एका सरासरीत घालू नका. आणि रिकामी ओढही शून्य म्हणून लिहा. ती गाळली की सरासरी फुगते.

डोलकर
हे सगळं ठीक, पण आधी खोल्याचं, म्हणजे जाळ्याच्या शेपटाकडच्या पिशवीचं बोला. कायदा सांगतो ट्रॉलच्या खोल्याला ४० मिमी चौकोनी आस (जाळ्याचं भोक). सर्वेक्षणाच्या जाळ्याला आतून बारीक अस्तर. मग कागदावर करंदीची पिल्लं भरपूर दिसतात आणि ट्रॉलरवाले म्हणतात, साठा मुबलक आहे.

धक्केवाला
तुमच्या डोल जाळ्याचा खोला किती बारीक असतो तेही सांगा की. पिल्लं त्यातही मरतात.

डोलकर
डोलीकडे बोट दाखवू नका! डोल एका जागी रोवलेली, भरती-ओहोटीवर चालणारी, जवळ्यासाठीच बारीक. रात्री किनाऱ्यालगतच्या बंद पट्ट्यात शिरून तळ खरवडणारे कोण? चैती कोळंबीची पिल्लं खाडीत वाढतात आणि याच उथळ पट्ट्यातून बाहेर पडतात. मोठं सर्वेक्षण जहाज तिथे येऊ शकत नाही, म्हणजे कोवळा माल तुमच्या हिशोबात नाहीच.

वावभर
अस्तर काढलं तर पुढच्या हंगामात काय येणार ते कळणारच नाही. उपाय म्हणजे लांबीनुसार आकडे वेगळे छापणे. उथळ पट्ट्याचा मुद्दा मात्र खरा आहे. तिथे लहान बोट आणि लहान जाळं लागेल, आणि त्याची मोठ्या जाळ्याशी शेजारी-शेजारी ओढून तुलना करावी लागेल.

उधाणभांग
लांबी घेताना तरी शिस्त ठेवा. पुढचा करवती काटा मोडतो, म्हणून टोकापासून मोजू नका. डोळ्याच्या खाचेपासून पाठकवचाच्या मागच्या कडेपर्यंत, व्हर्नियरने. नर-मादी वेगळे, मादीचं अंडाशय कुठल्या टप्प्यात तेही लिहा. ढीग २४० किलोचा आणि नमुना २० किलोचा, तर नमुन्यातला प्रत्येक आकडा बारा पट होणार. नमुना वरवरचा उचलला तर चूकही बारा पट. डेकवर फावड्याने नीट मिसळा, मगच टोपली भरा.

धक्केवाला
एवढी शिस्त पाळली तर वर्षावर्षाची तुलना मी मानेन. चौरस किलोमीटरचे टन नाही मानणार. आणि १ जून ते ३१ जुलै बोटी बंद, त्या दोन महिन्यांत दर्यात काय चाललंय ते तुमच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही.

डोलकर
बिगरयांत्रिक होड्यांना ती बंदी नाही. खाडीच्या तोंडाशी त्यांचा माल दर आठवड्याला मोजायला माणूस ठेवा. त्याला जहाज लागत नाही.