मदत हवी आहे: वूकॉमर्सची थीम बदलताना मधल्या ऑर्डरी कशा वाचवायच्या?

आमचं मसाल्यांचं ऑनलाइन दुकान वर्डप्रेस-वूकॉमर्सवर (वूकॉमर्स म्हणजे वर्डप्रेस साइटवर दुकान चालवणारं प्लगइन) आहे. १४० उत्पादनं, रोज ८-१० ऑर्डरी. जुन्या थीमचे (साइटच्या रूपाचा साचा) अपडेट बंद झालेत, म्हणून स्टोअरफ्रंट या थीमवर जायचंय.

फाइल्स आणि डेटाबेस, दोन्हींचा बॅकअप घेतलाय. स्टेजिंग कॉपीवर (चाचणीसाठी केलेली साइटची वेगळी प्रत) नवी थीम लावली. उत्पादनं शाबूत राहिली, मेनू आणि विजेट विस्कटले. ते पुन्हा लावले. जुन्या चाइल्ड थीममधला (मूळ थीमवर आपले बदल ठेवणारी जोड-थीम) पिनकोड तपासणारा कोडही गेला होता (हे उशिरा लक्षात आलं), तो वेगळ्या प्लगइनमध्ये हलवला. चाचणीची ऑर्डर नीट गेली.

घोडं अडलंय ते पुढे. स्टेजिंगचा डेटाबेस लाइव्हवर (चालू साइटवर) टाकला तर कॉपी घेतल्यानंतर आलेल्या मधल्या ऑर्डरी पुसल्या जाणार, आणि कस्टमायझरच्या (थीमचं रूप ठरवणारा भाग) सेटिंग डेटाबेसमध्येच असतात. दुकान रात्री तासभरच बंद ठेवता येईल. मग फक्त सेटिंग आणि मेनू लाइव्हवर कसे न्यायचे, की सगळं हातानेच पुन्हा करायचं?