घरी गरम साके: विजेचे उपकरण हवे की पातेले पुरेसे?

एदोगावाकर:
तोक्योत थंडी सुरू झाली की आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींमध्ये एक वाद हमखास रंगतो, तो येथे सविस्तर मांडतो. साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, गरम करण्याची छोटी विजेची उपकरणे येथे बाजारात मिळतात. बहुतेकांची रचना साधी असते: तळाशी तापक, त्यावर थोडे पाणी मावणारे भांडे, पाण्यात उभी राहणारी तोक्कुरी (साकेची अरुंद मानेची सुरई) आणि तापमान ठरवण्यासाठी एक खटका. ज्यांच्या घरी गॅस आणि मायक्रोवेव्ह दोन्ही आहेत त्यांनी अशी वस्तू घेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. माझे मत उलट आहे. हिवाळ्यात नियमाने गरम साके घेणाऱ्याने हे उपकरण अवश्य घ्यावे.

कारण साके ‘गरम’ करायची म्हणजे नेमकी किती, याला जपानात सुमारे पाच-पाच अंशांच्या पायऱ्या आहेत. ३५ अंशांना हितोहादाकान, ४० ला नुरुकान, ४५ ला जोकान, ५० ला आत्सुकान आणि ५५ च्या पुढे तोबिकिरिकान. ही केवळ नावांची हौस नव्हे. किमोतो किंवा यामाहाई या आंबवण्याच्या पारंपरिक पद्धतींच्या साकेत लॅक्टिक आम्ल भरपूर असते आणि तिची आंबूस, भरदार चव चाळिशीच्या आसपास खुलते. तीच साके ५५ अंशांवर नेली की मद्यार्काचा झणका आधी नाकात शिरतो आणि तांदळाची गोडी मागे पडते. याउलट साधी होन्जोझो (थोडा मद्यार्क मिसळलेली साके) ५० अंशांना चांगली कडक आणि स्वच्छ लागते. फळांसारख्या सुवासासाठी नावाजलेली दाइगिन्जो (तांदूळ खूप घासून केलेली उंची साके) तापवली तर ज्यासाठी जास्त पैसे मोजले तो सुवासच आधी उडून जातो.

मायक्रोवेव्हमध्ये हा पाच अंशांचा हिशेब राहत नाही. तोक्कुरीची मान अरुंद असल्यामुळे वरची साके कढत होते, तळाची कोमट राहते आणि पहिला ओचोको (छोटा पेला) जीभ भाजतो. मध्येच थांबवून ढवळण्याचे उपाय आहेत, पण रोज संध्याकाळी ते कोण करणार?

कामोकाठी:
मायक्रोवेव्हवरची टीका मान्य आहे. त्यावरून उपकरणाची शिफारस कशी निघते, ते मात्र समजले नाही. क्योतोतील आमच्या घरी पातेल्यात पाणी उकळतो, गॅस बंद करतो, उकळी पूर्ण बसली की तोक्कुरी खांद्यापर्यंत बुडेल अशी ठेवतो आणि दोन-तीन मिनिटांत नुरुकान ते जोकानच्या दरम्यानची साके तयार होते. शंका असेल तर स्वयंपाकघरातील साधा तापमापक थेट तोक्कुरीत सोडतो. आपल्या उपकरणाचा खटका बहुधा पाण्याचे किंवा तळाच्या पत्र्याचे तापमान सांभाळतो, साकेचे नव्हे. म्हणजे अचूकतेच्या नावाने आपण जे विकत घेतले, ते अचूकतेचे आश्वासन आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे उपकरण साके एकाच तापमानाला धरून ठेवते आणि जाहिरातीत तोच गुण म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो दोष आहे. चांगली जुन्माई (वरून मद्यार्क न घातलेली साके) ५५ अंशांपर्यंत चढवून बाहेर काढावी आणि निवत जाऊ द्यावी. पहिल्या घोटाला ती तिखट असते, पंचेचाळिशीला येईपर्यंत गोलाई येते आणि तळाशी उरलेली कोमट साके वेगळीच मऊ लागते. एकाच तोक्कुरीत तीन चवी मिळतात. गरम पाण्यात अर्धा तास उभ्या राहिलेल्या साकेचा सुवास विरतो आणि तिला एक उकडलेला वास येतो. तेव्हा ही वस्तू म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

निळी_छत्री:
दोन्ही सद्गृहस्थांनी तापमानाची उत्तम चर्चा केली आहे, पण गरम करायला उठते कोण, हा प्रश्न दोघांनीही टाळला आहे.

माझे सासर निइगाताचे. नववर्षाच्या सुट्टीत दीर, नणदा, चुलत सासरे असे सगळे कोतात्सूभोवती (खाली तापक असलेल्या बुटक्या मेजाभोवती) बसतात आणि सासूबाईंची खेप सुरू होते. एका तोक्कुरीत एक गो, म्हणजे १८० मिलिलिटर साके मावते. पाच-सहा जणांत ती किती वेळ पुरणार? सासूबाई पातेल्यातून तोक्कुरी मानेला धरून उचलतात, पुसतात आणि मधले बोट तळाला टेकवतात. चटका बसला तर आत्सुकान झाली, नुसती ऊब लागली तर पुन्हा पाण्यात. तापमापक त्यांनी कधी वापरला नाही आणि त्यांचा अंदाज चुकताना मी पाहिला नाही. त्या बोटाचे कौतुक घरातले सगळे पुरुष मनापासून करतात. सासूबाईंच्या ताटलीतले ओदेन (रश्श्यात शिजवलेला गरम पदार्थ) मात्र दरवेळी गारढोण झालेले असते, याकडे कोणाचे लक्ष नसते.

उपकरण जेवणाच्या मेजावर आले तेव्हापासून पाणी आणि साके ओतण्याचे काम दीर करतात. चव किंचित उणी-अधिक झाली असेल; मला त्याचे सोयरसुतक नाही. श्री. कामोकाठी, निवत जाणाऱ्या साकेच्या तीन चवी घेण्यासाठी आधी निवांत एका जागी बसता यावे लागते.

ओहमकर:
पुण्याहून लिहीत आहे, त्यामुळे चवीच्या वादात पडण्याऐवजी थोडा हिशेब मांडतो. १८० मिलिलिटर साके १५ अंशांवरून ४५ वर न्यायची तर ढोबळमानाने २३ किलोज्यूल उष्णता लागते. सोबत ३०० मिलिलिटर पाणीही तेवढेच तापवायचे, त्याचे ३८ किलोज्यूल. एकूण सुमारे ६१ किलोज्यूल, म्हणजे १७ वॉट-तास. एका युनिटचा साठावा भाग. विजेच्या खर्चाचा मुद्दा कोणी काढणार असेल तर तो येथेच मिटावा. पण हेच काम १५० वॉटच्या तापकाला करायचे झाले तर पावणेसात मिनिटे लागतील आणि मातीच्या तोक्कुरीची व हवेत जाणारी उष्णता धरली तर त्याहून जास्त. पातेल्यातील ऐंशी-नव्वद अंशांचे पाणी हे काम दोन-तीन मिनिटांत उरकते. म्हणजे दोन्ही रीतींतला खरा फरक अंतिम तापमानात नसून तापण्याच्या वेगात आहे. संथ तापलेली साके मऊ होते आणि झटपट तापलेली धारदार राहते, असे जाणकार सांगतात. कोणती हवी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

जपानहून असे उपकरण भारतात आणू पाहणाऱ्यांना मात्र एक कळकळीची सूचना. तेथील घरगुती वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची. केवळ पिना बदलणारा अडॅप्टर लावून ते येथे जोडले तर शक्ती व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पाचपटींहून अधिक. १५० वॉटचा तापक आठशे वॉटच्या घरात जाईल आणि पहिल्या तोक्कुरीआधीच धूर निघेल. तोक्योतील ५० हर्ट्झ आणि ओसाकातील ६० हर्ट्झ यांचा साध्या तापकाला फरक पडत नाही, व्होल्टतेचा पडतो. व्होल्टता उतरवणारा, पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल आणि तो उपकरणापेक्षा जड असेल. तेव्हा येथे तरी श्री. कामोकाठी यांचे पातेलेच सयुक्तिक ठरते.

एदोगावाकर:
भारतापुरते पातेले मान्य. जपानातील घरासाठी मात्र मी मतावर ठाम आहे.

खटका पाण्याचे तापमान दाखवतो, हे खरे. पण पाणी आणि साके यांच्यातले अंतर ठरावीक वेळेनंतर जवळपास सारखेच राहते. एकदा तापमापकाने पडताळून खटक्यावर खूण केली की रोज मोजण्याची गरज उरत नाही. पातेल्यात मात्र पाणी किती घेतले, तोक्कुरी जाड की पातळ, बाटली फडताळातली की शीतकपाटातली, यावर दरवेळी निकाल बदलतो. धरून ठेवण्याच्या दोषावरचा उपाय तर हातातच आहे: झाली की बाहेर काढावी. उपकरण कोणाला तोक्कुरी आत ठेवण्याची सक्ती करीत नाही.

१७१३ साली काइबारा एकिकेन या जपानी पंडितांनी आरोग्याविषयी लिहिताना साके उन्हाळ्यात काय नि हिवाळ्यात काय, फार थंड किंवा फार गरम न घेता ऊनच घ्यावी, असा सल्ला दिला होता. त्यांच्याकडे खटका नव्हता, पण मर्यादेचा आग्रह होता. आपण ५५ अंशांपर्यंत चढवण्याची जी भलामण करता, ती मला तरी आततायीपणाची वाटते.

कामोकाठी:
बाहेरच काढायची असेल तर धरून ठेवण्याच्या सोयीसाठी पैसे का मोजावेत, याचे उत्तर मिळाले नाही. वेगाचा मुद्दा श्री. ओहमकर यांनी नेमका मांडला आणि तो माझ्याच बाजूचा आहे. त्यात भर घालायची तर पैसे चिरोरीवर घालवावेत. हे मूठ असलेले धातूचे उभे भांडे असते. कथलाची चिरोरी महाग पडते, ॲल्युमिनियमची स्वस्त. धातूतून उष्णता मातीपेक्षा कितीतरी लवकर जाते, त्यामुळे मिनिटाभरात साके तापते, तापमापक सहज बुडतो आणि जास्त झाली तर चिरोरी थंड पाण्यात टेकवून दोन अंश उतरवताही येतात. उपकरणात उतरवण्याची सोय नाही.

सौ. निळी छत्री यांचा आक्षेप रास्त आहे, पण तो पातेल्यावर नसून बसून राहणाऱ्यांवर आहे. हिवाळ्यात मेजावर नाबेसाठी (मेजावरच शिजवायच्या रश्श्यासाठी) छोटी गॅसची शेगडी असतेच. तिच्यावरच पाण्याचे पातेले ठेवावे, म्हणजे कोणालाच उठावे लागणार नाही.

निळी_छत्री:
शेगडीवर नाबे असते म्हणूनच ती मेजावर असते. पातेल्यासाठी दुसरी शेगडी मांडायची काय? शिवाय चौथ्या तोक्कुरीनंतर उघड्या ज्योतीवरून हात नेणारे चुलत सासरे आणि शेजारी बसलेली सहा वर्षांची पुतणी, हे दृश्य मला नको आहे. आमच्या उपकरणातले पाणी आटले तर ते आपोआप बंद पडते, शेगडी पडत नाही.

चिरोरीची कल्पना मात्र मला पटली. ती उपकरणाच्या पाण्यात उभी केली तर मातीच्या तोक्कुरीपेक्षा लवकर तापायला हवी. आमच्या भांड्याचे तोंड अरुंद आहे, त्यामुळे एक गो मावेल अशा चिरोरीचा व्यास साधारण किती असतो, ते श्री. कामोकाठी यांनी मोजून कळवावे.